मालपुव्यानंतरचा घोट

मित्रांनो, मी चिनी मातीची एक जुनी बरणी. खांदे तपकिरी, पोट पांढरं, काठाचा एक टवका उडालेला. मला जीभ नाही. तेव्हा चवीबद्दल मी बोलावं की नाही, याची मला शंकाच आहे. पण एक घोट मी फार जवळून पाहिला, एवढं तरी सांगते.

जाफराबादेत हुकमचंद शेठजींचं जडीबुटीचं दुकान होतं. मनुका, गूळ, मध आणि ते आंबावं म्हणून धायटीची फुलं माझ्यात घालून तिथे द्राक्षासव करीत. आजारातून उठलेल्या माणसांना ते चमचा-चमचा देत. ते करणारे म्हातारे वैद्य १९५३ साली वारले. त्यांच्या हाताखाली वीस वर्षं औषधं कुटणारी साळूबाई भीत भीत म्हणाली, "शेठजी, यंदाचं मी करून पाहू का?"

"कर. जमलं तर काम तुझं. न्हाई तर मी शहरातून तयार बाटल्या आणतो."

माझ्या तोंडाला कापड बांधून, वर माती लिंपून तिने मला महिनाभर भुशात पुरलं. त्या महिन्यात माझ्या पोटात काय झालं, ते मला अजून नीट सांगता येत नाही. मनुका आपोआप हलू लागल्या. बुडबुडे उठले, फुटले, पुन्हा उठले. कोणी चूल पेटवली नव्हती, तरी मी कोमट झाले. साळूबाई रोज भुसा सारून माझ्या पोटाला कान लावी. एका सकाळी आत सगळं शांत झालं. तिने माती फोडून कापड सोडलं, थेंबभर चाखलं आणि पदराने डोळे टिपले.

शेठजींचा मात्र नेम होता, आंबवलेलं काही तोंडात घालायचं नाही. म्हणून पारख करायला औरंगाबादेहून बद्रीनाथ वैद्य आले. त्यांच्या जिभेचा लौकिक मोठा. शेठजींच्या घरी पाहुण्याचं तोंड आधी गोड करीत. शेठजींच्या पत्नी चंदाबाई यांनी पाकातले मालपुवे वाढले, वैद्यांनी चार खाल्ले आणि मग माझ्यातला घोट घेतला.

त्यांचा चेहरा आक्रसला. "आंबट झालंय. ओतून टाका."

"सकाळी गोड लागलं व्हतं जी," साळूबाई म्हणाली.

"अगं, वैद्यराज चाळीस वर्षं चाखून राह्यले," शेठजी म्हणाले. "तू कुठं शिकायला गेल्तीस?"

"कुठंच न्हाई." तिने पुन्हा बोट बुडवून चाखलं. "मंग माझीच जीभ बिघडली का काय?" असं पुटपुटत ती मला ओतायला मोरीकडे घेऊन निघाली. चालता चालता तिने वाकून पुन्हा माझ्यात पाहिलं. मी निसटते की काय, असं मला वाटलं.

मागे चहा आला. वैद्य म्हणाले, "चंदाबाई, साखर विसरलात वाटतं."

"विसरले? चार चमचे टाकले! यांना इचारा."

शेठजींनी मालपुवे खाल्ले नव्हते. ते म्हणाले, "माझा तर बराबर गोड आहे."

साळूबाई जागीच थांबली. मला खाली ठेवून तिने पाण्याचा तांब्या आणला. वर न बघताच म्हणाली, "वैद्यबुवा, मालपुव्यानं तुमचा चहा फिका केला. माझं आसवबी त्यानंच आंबट केलं असंल. चूळ भरून परत चाखता का?"

शेठजी दचकले. वैद्यांनी तिच्याकडे पाहिलं, तीनदा चूळ भरली, थोडा वेळ जाऊ दिला आणि दुसरा घोट घेतला. मग डोळे मिटले.

"चंदाबाई," ते डोळे उघडून म्हणाले, "तुमच्या मालपुव्यांनी माझी चाळीस वर्षं बुडवली. साळूबाई, हे तयार झालं कधी, ते कसं ओळखलंस?"

तिने माझ्या पोटाकडे बोट दाखवलं. एवढे मोठे वैद्य जमिनीवर बसले आणि त्यांनी माझ्या पोटाला कान लावला.

"आजपासून साळूबाईची जीभ तीच माझी जीभ," शेठजी म्हणाले.

"माझी एकटीची नगं, शेठजी. वैद्यबुवांचीबी असू द्या. पण आधी आसव, मालपुवे मंग."

पुढे सात वर्षं तिने माझ्यात आसव केलं. मग काचेचे मोठे बुधले आले आणि मी तिच्या घरी गेले. आता माझ्यात मीठ असतं. मित्रांनो, मला उपदेश करता येत नाही. मोठ्या माणसाचा शब्द जरूर ऐका. पण कुणाच्या महिन्याभराच्या कष्टांना मोरी दाखवण्याआधी एकदा चूळ भरा, आणि जमलं तर कान लावा.

साळूबाई अजून मीठ घेताना माझ्या पोटाला कान लावते. आत काहीच वाजत नाही, हे तिला ठाऊक आहे. तरी लावते.