राखीव किंमत

आन्थुला काराव्हास त्या शनिवारी सकाळी आपल्याच घराच्या दर्शनी खोलीत, राखाडी रंगाच्या एका परक्या सोफ्यावर, हात मांडीवर ठेवून बसली होती. या खोलीला तिचे ग्रीक लोक सालोनी म्हणत. ती पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली असे. घरधन्यांनी तिथे बसायचे नाही, असा दंडक स्वतः आन्थुलानेच घातला होता आणि आयुष्यभर पाळला होता. तिथल्या मखमली कोचावर प्लास्टिकचे आवरण चढवलेले असे, आणि ते केवळ तीनच कारणांसाठी उतरे: घरी पाद्री आला तर, व्याही आले तर, किंवा कुणाचा मृत्यू झाला तर. सहा वर्षांपूर्वी तिचा नवरा लेफ्तेरिस गेला तेव्हा ते अखेरचे उतरले होते.

आता तो कोच कुठल्याशा गोदामात होता. घर विकण्याआधी ते सजवून देणारी माणसे गेल्या आठवड्यात आली होती. त्यांनी कोच नेला, भिंतीवरची संतांची चित्रे आणि लग्नाची तसबीर कागदात गुंडाळली, हाताने विणलेले पडदे काढून खिडक्यांना पांढऱ्या आडव्या पट्ट्या लावल्या, आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर वाडगाभर प्लास्टिकची लिंबे मांडली. मागच्या अंगणात लेफ्तेरिसने लावलेले झाड खऱ्या लिंबांनी वाकले होते. तिने ते बोलून दाखवले, तेव्हा दलाल कॅलम अदबीने म्हणाला की खरी लिंबे एकसारखी नसतात, फोटोत बरी दिसत नाहीत.

कॅलम वाईट मुलगा नव्हता. दूर उत्तरेकडच्या गुराढोरांच्या मुलखातून तो नुकताच मेलबर्नला आला होता आणि नॉर्थकोट उपनगरातले हे त्याचे पहिलेच मोठे काम होते. त्याने आन्थुलाला सगळे सावकाश, दोनदोनदा समजावले होते. विकणाऱ्याने घर पाहायला आलेल्यांशी बोलू नये. का विकता असे विचारले तर हसावे. भिंतींना रंग द्यावा, पण न्हाणीघर नवे करण्याच्या फंदात पडू नये, तो खर्च वसूल होत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे राखीव किंमत. लिलावात त्याच्याखाली घर जायचे नाही, असा आकडा मालकाने स्वतः ठरवून लिहून द्यायचा. बोली तिथवर पोचली नाही, तर लिलाव थांबवून कॅलम आत येणार आणि मालकाला विचारणार की खाली उतरायचे का. मालक हो म्हणाला, तर तो बाहेर जाऊन जाहीर करणार, "घर आता विक्रीला खुलं आहे." एकदा ते शब्द उच्चारले गेले आणि हातोडी पडली, की घर सर्वांत वरच्या बोलीवाल्याचे. लिलावात घेतलेल्या घराला फेरविचाराची मुदत नसते.

"आणि उत्तर तुम्हीच द्यायचं, मिसेस काराव्हास," त्याने बजावले होते. "मुलीनं नाही, शेजाऱ्यानं नाही. त्या वेळी चार तोंडं बोलायला लागली की घरात भांडणं होतात. मी पाहिलीयत."

आन्थुलाने सगळे नीट ऐकून घेतले होते. त्यातला राखीव किमतीचा भाग तिला फारच आवडला होता.

कारण तिला घर विकायचे नव्हते. हिवाळ्यात ती न्हाणीघरात घसरून पडली आणि सकाळपर्यंत तशीच पडून राहिली, तेव्हापासून तिची लेक वासो हट्टाला पेटली होती. वासोचे घर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, समुद्राकडे. तिने आपल्या अंगणात आईसाठी दोन खोल्या बांधून घेतल्या होत्या. लेकीशी भांडण्याचे बळ आन्थुलापाशी उरले नव्हते. शिवाय लेक रडत असे, आणि रडणाऱ्या माणसाला नकार देणे तिला कधी साधले नव्हते. म्हणून ती विकायला कबूल झाली, आणि राखीव किंमत अशी लिहून दिली की त्या रस्त्यावर कोणतेही घर त्या भावाला गेले नव्हते. कॅलमने समजावून पाहिले. वासो चिडली. पण आकडा ठरवण्याचा अधिकार मालकाचा. घर विकले जाणार नाही, लेकीपुढे ती खोटीही पडणार नाही, आणि उन्हाळ्यात टोमॅटो येतील तेव्हा ती इथेच असेल, असा तिचा हिशेब होता.

हा हिशेब फक्त पोलिख्रोनिसला ठाऊक होता. तो तिचा शेजारी, विधुर, तिच्याहून दोन वर्षांनी मोठा. वासोला बाप्तिस्म्याच्या वेळी त्याने हातांवर घेतले होते, आणि त्या नात्याने दोघे एकमेकांना कुंबारा, कुंबारे अशी हाक मारत. पन्नास वर्षांत त्यांनी एकमेकांना नावाने क्वचितच हाक मारली असेल. तिची राखीव किंमत ऐकून तो हसत सुटला होता.

"एवढ्या पैशात तर आपलं अख्खं बेट येईल, कुंबारा. वर बोकडं फुकट."

बाहेर माणसे जमू लागली. पट्ट्यांमधून आन्थुला पाहत होती. पायवाटेच्या कडेने ऑलिव्हच्या तेलाच्या डब्यांत लावलेली जिरेनियमची फुलझाडे तेवढी तिच्या हट्टाने जागेवर राहिली होती. त्यांच्यामधून लोक ये-जा करत होते, कुणी भिंतीवर टिचकी मारून पाहत होते, कुणी छपराकडे मान वर करून बघत होते. अगदी असेच ती आणि लेफ्तेरिस एके काळी या अंगणात उभे राहिले होते. तेव्हा त्यांना इंग्रजी येत नव्हते, छपरातले काही कळत नव्हते. लेफ्तेरिसने फक्त माती हातात घेऊन चुरडून पाहिली होती. घर विकणारी वृद्ध बाई मात्र भली होती. लिलाव झाल्यावर तिने आन्थुलाचा हात धरून तिला घरभर फिरवले होते: पाण्याची मुख्य तोटी कुठे, कोणती खिडकी दमट हवेत अडते, चुलीचे दार कसे किंचित उचलून लावायचे. एकही शब्द न कळता आन्थुलाला सारे कळले होते.

पहिली तीन वर्षे पोलिख्रोनिसचे कुटुंबही इथेच राहिले. एका खोलीत ते, दुसऱ्या खोलीत हे, आणि दोन्ही बायका एकाच चुलीवर. मग शेजारचे घर रिकामे झाले, पोलिख्रोनिसने ते घेतले, आणि त्याच दिवशी दोघा पुरुषांनी मधल्या कुंपणाच्या चार फळ्या काढून टाकल्या. दर फेब्रुवारीत, म्हणजे तिथल्या ऐन उन्हाळ्यात, दोन्ही घरांचे टोमॅटो मागच्या गॅरेजमध्ये येत. खरा स्वयंपाक तिथेच होई. आतले स्वयंपाकघर फक्त चकचकीत ठेवायचे. लोखंडी पिंपाखाली लाकडे पेटवून रसाच्या बाटल्या उकळायच्या, लेफ्तेरिसने बनियनवर उभे राहून काठीने विस्तव सारायचा, पोलिख्रोनिसने त्याला चुका दाखवायच्या आणि स्वतः काही करायचे नाही. मुले लाल हातांनी भिंतींवर शिक्के उमटवायची. ती गर्दी, तो वाफेचा आंबटगोड वास, बायकांचे हसणे. आन्थुलाच्या मनात घर म्हणून जे काही होते, ते सालोनीत नव्हे, त्या गॅरेजमध्ये होते.

हातोडीच्या आवाजाने ती भानावर आली. कॅलमने बोली सुरू केली होती.

बोली अपेक्षेपेक्षा भराभर चढली. सुरुवातीला पाच-सहा जण होते. मग दोनच उरले. एक गॉगल लावलेला गृहस्थ, जो प्रत्येक बोलीनंतर फोनवर कुणाला तरी विचारत होता. आणि एक तरुण मुलगी, तिच्या शेजारी गवताची टोपी घातलेली तिची वृद्ध आई. त्या दोघींना आन्थुलाने घर पाहायला आल्या तेव्हाही पाहिले होते. व्हिएतनामी होत्या, फुट्स्क्रे उपनगराकडच्या. मुलीचे नाव थुई. इतर सगळे आतले स्वयंपाकघर निरखत होते, तेव्हा म्हातारी थेट गॅरेजमध्ये जाऊन मोठ्या शेगडीसमोर उभी राहिली होती.

बोली आन्थुलाच्या आकड्याच्या इतकी जवळ पोचली की ती सोफ्याच्या कडेला सरकून बसली. मग बोली थांबली. वरची बोली थुईची होती. कॅलमने क्षमा मागून लिलाव थांबवला आणि तो आत आला.

त्याने दार लावले, वाकून आकडा सांगितला. थोडक्यासाठी अडले आहे, म्हणाला. भाव फार चांगला आहे. असा पुन्हा येईल याची हमी त्याला देता येत नाही. "मग, मिसेस काराव्हास? खुलं करू?"

आन्थुलाने उत्तर दिले. जसे तिच्या आईने, आजीने, तिच्या बेटावरच्या प्रत्येक माणसाने दिले असते, तसेच: हनुवटी किंचित वर, भुवया वर, पापण्या क्षणभर मिटलेल्या, आणि टाळूला जिभेचा हलकासा आवाज. यापेक्षा स्पष्ट 'नाही' तिच्या लोकांत नसते.

कॅलम हसला. "मला वाटलंच होतं. उत्तम निर्णय," म्हणाला, आणि दार उघडून बाहेर पडला.

त्याचे हसू पाहताच तिला उमगले. वर उचललेली मान या मुलाच्या मुलखात होकार ठरत असली पाहिजे. ती सोफ्यावरून अर्धवट उठली. दारापासून फाटकापर्यंतची पायवाट काही लहान नव्हती, आणि जिरेनियमच्या डब्यांमधून कॅलम जपून चालत होता. एक हाक पुरली असती. खिडकीच्या काचेवर बोटाने वाजवले असते तरी पुरले असते.

ती तशीच उभी राहिली. खोलीत तिचे असे काहीही नव्हते. राखाडी सोफा, कुणा अनोळखी माणसाने काढलेले समुद्राचे चित्र, जिथे तसबीर होती तिथे रंगाचा नवा चौकोन. बाहेर थुईची आई आपल्या मुलीची बाही दोन्ही हातांनी धरून उभी होती. आन्थुलाला आठवले की आपणही लेफ्तेरिसची बाही अशीच धरली होती, आणि लिलाव संपल्यावर पाहिले तर तिची शिवण उसवली होती. आठवणीला काही अर्थ असतो असे नाही. पण तेवढ्यात कॅलमचा आवाज आला, "घर आता विक्रीला खुलं आहे," आणि ती खाली बसली.

गॉगलवाल्याने फोनवर विचारले, नकारार्थी मान हलवली. हातोडी पडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

कागद स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडले गेले. वासो आईच्या गळ्यात पडून रडली. तिला वाटत होते आईने अखेर मन मोठे केले. थुई आपल्या आईला हळू आवाजात काहीबाही सांगत होती. कॅलम पेन शोधत होता. एवढ्यात पोलिख्रोनिस मागच्या दाराने आत आला. त्याने आन्थुलाला खुणेने गॅरेजच्या उंबऱ्यापाशी बोलावले.

"तू हनुवटी वर केलीस," तो म्हणाला. "मी रस्त्यावरून पाहिलं. पट्ट्यांमधून सगळं दिसत होतं."

"तुला चष्म्याशिवाय तुझं स्वतःचं घर दिसत नाही, कुंबारे."

"चष्मा होता." तो थांबला. "त्या पोराला काही कळलेलं नाही. मी सांगतो त्याला. वासोला सांगतो. सही व्हायची आहे अजून. चूक त्याची आहे, वकील सोडवेल काहीतरी."

आन्थुला गॅरेजमधल्या शेगडीकडे पाहत राहिली. मग तिने सांगितले, त्याला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात, की पोराला थांबवायला तिच्यापाशी वेळ होता. पोरगा फाटकापर्यंत पोचेस्तोवर ती उभी होती.

पोलिख्रोनिसने कुंपणातल्या चार फळ्यांच्या रिकाम्या जागेकडे पाहिले.

"मग मी भांडू कुणाशी?" तो म्हणाला.

"ती म्हातारी बघ. तिला एक शब्द कळत नाही. तुझ्यासाठी अगदी योग्य आहे."

ती आत आली आणि टेबलाशी बसली. कागदाला हात लावण्याआधी तिने कॅलमला विचारले की ताबा कधी द्यायचा हे अजून लिहायचे आहे ना. ते दोन्ही बाजूंनी ठरवायचे असते, तो म्हणाला. बहुतेक लोक दोन महिने घेतात. आन्थुला म्हणाली, तिला मार्चअखेरपर्यंत मुदत हवी आहे. रोपे मातीत गेली आहेत, फेब्रुवारीत टोमॅटो येतील, बाटल्या भरून झाल्याशिवाय ती इथून हलणार नाही. थुईने ते आईला सांगितले. म्हातारीने लांबलचक काहीतरी विचारले.

"आई म्हणतेय," थुई संकोचून म्हणाली, "बाटल्या भरायच्या दिवशी ती आली तर चालेल का? ती कांदे चिरेल म्हणतेय."

"कांदे नसतात त्यात," पोलिख्रोनिस दारातून म्हणाला. "पण येऊ दे. शिकेल."

कॅलमने मार्चअखेरची तारीख लिहिली आणि कागद आन्थुलापुढे सरकवला. वासोने डोळे पुसले. आनंदातही तिच्या मनात काहीतरी टोचले असावे, कारण ती आईच्या खुर्चीशी वाकली आणि विचारू लागली, "आई, तू मनापासून हो म्हणालीस ना? माझ्यासाठी नाही ना?"

आन्थुलाने लेकीकडे पाहिले. "ने," ती म्हणाली.

कॅलमचा हात कागदावर तसाच थांबला. त्याचा चेहरा उतरला. "नाही म्हणताहेत?"

"हो म्हणतेय, पोरा," पोलिख्रोनिस म्हणाला. "आमच्यात 'ने' म्हणजे हो. तुमच्या कानाला नकारासारखा लागतो, त्याला आमचा इलाज नाही."

कॅलमने सुटकेचा श्वास टाकला आणि हसला. मग त्याचे हसू सावकाश मावळत गेले. या लोकांचे हो असे वाजते, तर त्यांचे नाही कसे दिसत असेल, हा प्रश्न त्याच्या कपाळावर हळूहळू उमटताना आन्थुलाने पाहिला. तो तिच्याकडे बघू लागला, तिच्या हनुवटीकडे. काही विचारण्यासाठी त्याने तोंड उघडले.

"सही कुठे करू?" आन्थुलाने विचारले.

त्याने बोट ठेवून जागा दाखवली.