मोजणीच्या टेबलावरची लेक

अप्पांचा लाडका नेता हरला. मतमोजणीच्या टेबलावर मी होते आणि बाळ तेवढा वेळ माहेरी, अप्पांकडे. न्यायला गेले तर अप्पांच्या मोबाईलवर त्या नेत्याचंच भाषण चालू होतं, की वरच्या बड्या लोकांनी मोजणीत आपली माणसं पेरलीत.

"अप्पा, मोजत तर मीच होते," मी हसून म्हटलं. "मला कुणी पेरलं?"

"पेरलेल्याला कुठे कळतं?"

"अहो, मी तुमची लेक!"

"म्हणूनच तुला निवडलं. कुणाला संशय नको."

मी बाळासाठी हात पुढे केले. अप्पांनी त्याला आणखी घट्ट छातीशी धरलं आणि अगदी मायेनं त्याच्या कानात म्हणाले, "तुझी आई भोळी आहे रे. फसवलंय तिला त्यांनी."

माझे हात तसेच पुढे राहिले.