वापर : घरगुती

"हात मागून, पोरा. कान आधी."

कादरचाचा जाऊन एकवीस वर्षं झाली, तरी हा आवाज भगवान मिस्त्रीच्या डोक्यातून गेला नव्हता. विहिरीच्या काठावर मोटार सुरू करून चाचा त्याच्या हातात लांब पेचकस द्यायचे. टोक बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची. "आता सांग, हिले कुठं दुखतं?" आणि पंधरा वर्षांच्या भगवानला त्या लोखंडातून खरोखरच बोलणं ऐकू यायचं. कोरडं बेअरिंग कण्हायचं, ढिला पंखा कुरबुरायचा आणि निरोगी मोटार जात्यावरच्या बाईसारखी एका लयीत गुणगुणत राहायची.

आज जानेफळच्या शिवारात, राजकुमारच्या विहिरीवर, तो तोच पेचकस चालू मोटारीवर टेकवून ओणवा झाला. मूठ कानाला लावली. काही नाही. त्याने हळूच मागे पाहिलं. राजकुमार पाइपाशी झटत होता. तेव्हा भगवानने मूठ कानावरून काढली आणि दातांत धरली. जबड्यातून, कानशिलाच्या हाडातून थरथर वर चढली. तिच्यात दर फेऱ्याला एक खडा होता.

"मिस्त्री, मोटार चावून पाहता का काय?" राजकुमार समोर येऊन हसत होता. भगवानने त्याचे ओठ वाचले.

"कच्ची हाय अजून. मांगचं बेअरिंग गेलं तिचं. खोल."

राजकुमार आणखी काहीतरी बोलला, पण तोवर त्याने मान वळवली होती. भगवान नुसता हसला. गेल्या तीन वर्षांत हसू हे त्याच्या पिशवीतलं सगळ्यात कामाचं अवजार झालं होतं.

आधी डावा कान गेला, मग उजवा. बुलढाण्याच्या डॉक्टरने सांगितलं होतं, जन्मभर मोटारींच्या आवाजात राहिलात, शिरा झिजल्या. कानातल्या यंत्राने आवाज मोठा होईल, पण बोल सुटे होतीलच असं नाही. यंत्र त्याने महिनाभर घालून पाहिलं. कानात नुसती शिट्टी वाजायची, आणि टोपीच्या कडेखाली ते लपतही नव्हतं. मग ते यंत्र पेटीत गेलं आणि गोष्ट पोटात. ज्याच्या कानावर दहा गावांचा भरवसा, त्याने आपले कान गेले हे कोणाला सांगावं?

बाहेर निभत होतं, ते घरात अडलं.

काजल, त्याची एकुलती एक, नाशिकच्या एका दवाखान्यात नर्स होती. महिन्यापूर्वी एका संध्याकाळी तिने मुद्दाम बापाच्या बटणाच्या फोनवर फोन केला आणि बराच वेळ बोलली. कापसाच्या गंजीत तोंड घालून कोणी बोलावं, तसं काहीतरी त्याच्यापर्यंत येत होतं. तो "हं, हं" करत राहिला. मग पलीकडून काहीच येईना. ती उत्तरासाठी थांबलीय, एवढं त्याला कळलं. कशाचं उत्तर, ते नाही कळलं.

"रेंज नाही. ठेवतो," म्हणून त्याने फोन ठेवला.

थोड्या वेळाने त्याची बायको जनका त्याच्यापुढे येऊन उभी राहिली. "अहो, पोरगी रडून राह्यली तिकडं. एवढं जिवावर उदार होऊन तिनं सांगतलं, अन् पोराचं नाव ऐकल्याबरोबर तुम्ही फोन ठेवला?"

तेव्हा त्याला कळलं. पोरगा त्याच दवाखान्यात रक्त तपासायला होता. नाव अश्वजित. नावातच सगळं आलं होतं.

खोटं कशाला, ते नाव कळल्यावर भगवान दोन दिवस घुम्यासारखा होता. भाऊबंदांचे चेहरे एकेक करून डोळ्यांपुढून गेले. तिसऱ्या दिवशी त्याला कादरचाचांचा डबा आठवला. त्या डब्यात चौदा वर्षं दोघांचे हात एकदमच जात होते. मनातली गाठ आपोआप सैल झाली. पण काजलने त्याला फोन करणं सोडलं होतं. पुढच्या महिन्यात कोर्टात लग्न करते, बाबा नसले तरी, असं तिने आईला कळवलं होतं.

त्याने जनकाच्या फोनवरून एक निरोप टाकून पाहिला : 'माझी ना नाही. बाबा.' तासाभराने उत्तर आलं : 'आई, तू बाबांच्या नावानं लिहू नको. मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय.'

फोन करून तोंडाने 'हो' म्हणणं काही अवघड नव्हतं. पण त्यानंतर ती बोलेल, रडेल, काही विचारेल, आणि हा पुन्हा हं-हं करत बसेल. मग सगळंच उघडं पडलं असतं. लेकीने रागीट बाप म्हटलेलं त्याला चालत होतं. तिने बहिरा बाप म्हटलेलं चाललं नसतं.

त्याच आठवड्यात मेहकरच्या बँकेत त्याने एक मुलगी पाहिली. तिने काउंटरवर फोन ठेवला, पलीकडचा माणूस बोलला आणि फोनच्या काचेवर अक्षरं उमटत गेली. मुलीने वाचलं, मान डोलावली. भगवान रांगेतून निघून तिच्या मागे जाऊन उभा राहिला आणि त्याचा नंबर गेला.

जनकाच्या तडकलेल्या फोनवर ते अक्षरांचं अ‍ॅप उतरेना. नवा फोन घ्यायला हवा होता, दहा हजारांच्या आतला. पण कोणता? दुपारी ओट्यावर बसून त्याच फोनवर शोधता शोधता तो 'मोबाईल चावडी' नावाच्या साइटवर पोचला.

तिथे दुनियाभरची मराठी माणसं फोनवर बोलत होती. कोणाचं नाव बॅटरीबाबा, कोणाचं उपाशी चार्जर. याने आपलं नाव लिहिलं : भगवान मिस्त्री, जानेफळ. तिथल्या रीती निराळ्याच. सगळ्यात वर एक 'आधी हे वाचा' टांगलेलं. ते कोणी वाचत नसे आणि प्रत्येक जण दुसऱ्याला वाचायला सांगे. पटलं की लोक नुसतं '+१' लिहीत. भरकटायचं असलं की आधी 'अवांतर' असं लिहून खुशाल भरकटत. चर्चेला धागा म्हणत, आणि धागा खाली गेला की कोणीतरी 'वर काढतोय' म्हणून तो पोहऱ्यासारखा वर ओढी.

विचारणाऱ्याने एक तक्ता भरायचा होता. बजेट : दहा हजार. किती वर्षं वापरणार : टिकेल तितकी. वापर : इथे त्याचा अंगठा बराच वेळ थांबला. मग त्याने लिहिलं, 'घरगुती'.

दोन दिवसांत तेवीस जणांनी उत्तरं दिली. भगवानला भरून आलं. एका मिस्त्रीसाठी एवढी माणसं धावली! बैठकीत शिरलं की एकेकाला राम राम घालावा लागतो. एखादा सुटला तर तो जन्मभर मनात धरतो. त्याने तेवीस जणांना तेवीस वेगवेगळे राम राम लिहिले, नाव घेऊन, घरच्यांची खुशाली विचारून. उपाशी चार्जरला लिहिलं, 'राम राम भाऊ, जेवण झालं का?'

संध्याकाळी पिवळ्या चौकटीत निरोप आला : 'निरर्थक प्रतिसादांनी धागा भरल्याबद्दल आपले लेखन तीन दिवस बंद करण्यात येत आहे. संचालक.'

तो जनकाला चौकट दाखवत म्हणाला, "राम राम घातला तर गावाबाहेर काढलं मले."

जनका पदर तोंडाला लावून हसली, मग तो बाजूला करून म्हणाली, "तिथं चपला घालूनच बसत असतील सारे."

तीन दिवस तो नुसता वाचत राहिला. त्याचा प्रश्न केव्हाच मागे पडला होता. बॅटरीबाबा आणि दुसरा एक जण कुठल्याशा चिपवरून हमरीतुमरीवर आले होते. त्याला तक्त्यातला आपलाच शब्द आठवे. घरगुती. मोटार 'बिघडली' एवढंच सांगून जाणाऱ्या गिऱ्हाइकावर तो किती चिडायचा!

चौथ्या दिवशी एक खाजगी निरोप आला. 'फातिमा, खामगाव' अशी सही. 'मिस्त्रीकाका, तेवीस राम राम वाचून समजलं, माणूस आपल्याकडचाच. बाजारात माझं फोनचं दुकान आहे. घरगुती म्हणजे नेमकं काय? वापर खरा सांगा, तर फोन खरा सांगता येईल.'

त्याने लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं : 'माझ्या एका दोस्तासाठी पाहिजे. त्याला ऐकू येत नाही. फोनवरचं बोलणं वाचायचं आहे.'

उत्तर लांबलचक होतं. कॅमेऱ्यावर पैसा घालू नका, माइक चांगला बघा, काच मोठी बघा. शेवटी लिहिलं होतं : 'ज्या फोनवर कॉल चालू असतो, त्यावर ही अक्षरं नीट येत नाहीत. एका फोनवर बोलायचं, स्पीकर लावून, आणि दुसरा जवळ ठेवून वाचायचं. म्हणजे दोस्ताला घरात कोणाला तरी सोबत घ्यावंच लागेल. अजून एक. फोन सगळं लिहितो, पण समोरच्याला हळू बोल म्हणून सांगत नाही. ते दोस्तानंच सांगायचं.'

सोमवारी तो एसटीने खामगावला गेला. अरुंद दुकानात पस्तिशीची एक बाई डोक्यावरची ओढणी सावरत फळीवरून खोके काढत होती.

"मी भगवान मिस्त्री," तो म्हणाला.

ती मागे वळून हसली, बसा म्हणाली आणि पुन्हा फळीकडे तोंड करून खोके चाळू लागली. मग खोका हातात घेऊन वळली आणि थांबली. तिच्या चेहऱ्यावरून भगवानला कळलं, पाठमोरी असताना ती काहीतरी विचारत होती आणि उत्तराची वाट पाहत होती.

दाखवायला ठेवलेला फोन तिने उचलला, दोनदा बोट फिरवलं, तो त्याच्यापुढे ठेवला आणि बोलली. काचेवर अक्षरं आली.

दोस्त कसा आहे तुमचा

भगवानने ते दोनदा वाचलं.

"बरा हाय," तो म्हणाला. "भेत असते थोडा."

फातिमाने चहा मागवला. बशीत ओतून तो गार होईपर्यंत ती फोनशी बोलत राहिली आणि हा वाचत राहिला. तीन वर्षांत पहिल्यांदाच त्याने कोणाचं बोलणं शेवटपर्यंत घेतलं होतं. उठताना ती म्हणाली आणि काचेवर उमटलं : दुवा करते काका दोस्तासाठी

घरी पोचला तेव्हा जनका उंबऱ्याशी सूप घेऊन ज्वारी निवडत होती. तिचे ओठ हलत होते. पूर्वी तिची एक ओवी होती :

लेक बोलते दुरून, वारा आणतो सांगावा
माह्या उंबऱ्याशी येता, कसा मुका तो व्हावा

तीच असेल आताही, किंवा दुसरी एखादी. त्याने पाट ओढला आणि नवा फोन त्यावर ठेवला.

"जनका, काजलले फोन लाव. तुह्यावरून. स्पीकरवर ठेव अन् इथं, याच्या बाजूले."

तिने त्याच्याकडे पाहिलं, दोन फोनांकडे पाहिलं. काऊन म्हणून विचारलं नाही. नुसती उठली आणि त्याच्या पुढ्यात बसली, दिव्याचा उजेड तोंडावर येईल अशी. गेली दोन-तीन वर्षं ती अशीच बसत होती. काही सांगायचं असलं की आधी वळसा घालून त्याच्यासमोर यायची. भगवानच्या ते आज लक्षात आलं.

तिने फोन लावून पाटावर ठेवला. काचेवर अक्षरं उमटली. आई जेवलीस का

"आई नाही. मी हाय," भगवान म्हणाला.

त्याचे शब्दही उमटले. मग एकच शब्द आला. बाबा

आणि मग बांध फुटल्यासारखं झालं. बाबा मी त्या दिवशी किती वेळ बोलले तुम्ही एक शब्द नाही मला वाटलं तुम्ही ओरडाल तरी ओरडले असते तर चाललं असतं पण असं मी परकी असल्यासारखं... ओळी वर सरकत होत्या, खालून नव्या येत होत्या, काही अर्ध्या तुटत होत्या, काही भलत्याच होत होत्या. फोन भराभरा लिहीत होता. मिस्त्री मागे पडत होता. त्याने बोटाने ओळ धरायला पाहिली, तर बोटाखालून ती निसटली. आणखी थोड्या वेळाने काजल थांबणार होती, उत्तरासाठी. मग पुन्हा रेंज नाही म्हणावं लागलं असतं.



"काजल," तो म्हणाला. आवाज किती मोठा निघाला, हे त्याला कळलं नाही. "काजल, थांब जराशी, बाई. मले ऐकू येत नाही. तीन वर्सं झाली. कोणालेच सांगतलं नाही मी, तुह्या आईलेही नाही. त्या दिवशी तू काय बोलली, ते मले ऐकूच नाही आलं."

काचेवर त्याचीच वाक्यं एकाखाली एक उभी राहिली. त्याने ती वाचली. जनकाचे डोळे वाहत होते, पण तिने तोंड फिरवलं नाही, उजेडातच ठेवलं. भगवानने फोन आणखी जवळ सरकवला.

"आता पुन्हा सांग. पहिल्यापासून सांग, त्या पोराचंही सांग. हळू सांग. मी वाचून राह्यलो."