बेचाळीस टोपल्या

मुरबाडच्या पुढे, शहापूरकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडा आत विद्या मॅडमचा बंगला आहे. मॅडम ठाण्याला राहतात आणि शनिवार-रविवार येतात. बाकीचे पाच दिवस बंगल्यात दोघंच, रुपाली आणि तिचा नवरा भगीरथ. मागच्या बाजूला त्यांना एक खोली आहे. फाटक, बोअरची मोटर आणि झाडलोट भगीरथकडे. स्वयंपाकघर आणि फुलं रुपालीकडे.

फुलं म्हणजे टांगत्या कुंड्या. मॅडम त्यांना हँगिंग म्हणत, रुपाली टोपल्या म्हणे, कारण तारेच्या जाळीत काथ्या घालून त्या केलेल्या होत्या आणि टोपल्यांसारख्याच दिसत. तीन वर्षांपूर्वी मॅडमनी पहिल्या सहा आणल्या, तेव्हा प्रत्येकीत एकच झाड होतं. एकदा पेटुनिया मेल्या, आणि रिकामी टोपली बघवेना म्हणून रुपालीनं आपल्या मनानं तीत चार गोष्टी लावल्या. मधोमध तांबड्या पानांचा कोलियस, भोवती सकाळी दहाला उमलणारी पिवळी आणि गुलाबी ऑफिसटाइमची फुलं, एका बाजूला पांढरी सदाफुली आणि कडेनं खाली सोडायला जांभळ्या पानांची वेल. महिन्याभरात ती टोपली अशी भरली, की काथ्या दिसेना. मॅडमनी फोटो काढले आणि मैत्रिणींना पाठवले. पुढच्या शनिवारी गाडीतून बारा रिकाम्या टोपल्या आल्या.

"तुझ्या हातात काहीतरी आहे गं," मॅडम म्हणाल्या. "माझ्याकडे ठाण्यात दोन माळी झाले. कोणालाच हे जमलं नाही."

रुपालीला फार बरं वाटलं होतं. आजवर तिला असं कोणी म्हटलं नव्हतं.

आता टोपल्या बेचाळीस झाल्या होत्या. व्हरांड्याच्या तिन्ही बाजूंनी, दोन ओळींत. जमिनीतलं झाड एखाद दिवस तहान सोसतं, टांगलेलं सोसत नाही. चारी बाजूंनी वारा लागतो, माती मूठभर. उन्हाळ्यात सकाळी सातला घातलेलं पाणी दुपारी तीनपर्यंत संपलेलं असे, आणि साडेचारला दुसरं पाणी मिळालं नाही तर सदाफुली मान टाकायची. स्टुलावर चढायचं, झारी वर धरायची, खाली थेंब पडायला लागले की थांबायचं, उतरायचं, स्टूल सरकवायचं. बेचाळीस वेळा, दिवसातून दोनदा.

शेणवा तिथून बसनं तासाभरावर होतं. शेणव्याच्या पाड्यावर रुपालीची आई, हिरी, राहत होती, आणि तिच्याकडे रुपालीची मुलगी राही. ती दोघं बंगल्यावर आली तेव्हा राही चार वर्षांची होती. खोली एवढीशी, शाळा लांब, म्हणून तिला थोडे दिवस आजीकडे ठेवलं. थोड्या दिवसांची तीन वर्षं झाली. पहिल्या वर्षी दिवाळीला रुपाली दोन रात्री राहून आली, तेव्हा भगीरथनं नळी लावून टोपल्यांत एवढं पाणी सोडलं होतं, की नऊ टोपल्यांची मुळं कुजली. मॅडम ओरडल्या नाहीत. त्या नुसत्या टोपल्यांखाली उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मला वाटलं होतं, या तुझ्याही आहेत." तेव्हापासून रुपाली सकाळचं पाणी घालून निघायची आणि दुपारच्या पाण्याला परत यायची. जाऊन-येऊन दोन तास गाडीत आणि तासभर वाट बघण्यात जायचे. पुढे पुढे तेही जमेना. मग फोन. "येते गो. फुलांचा सीझन संपला की येते," असं ती राहीला सांगायची.

एप्रिलच्या शेवटी हिरीचा फोन आला. रुपालीच्या धाकट्या बहिणीचं, प्रेमाचं, लग्न ठरलं होतं. मांडव, हळद, लग्न मिळून तीन दिवस.

"तू मोठी हायेस," हिरी म्हणाली. "मांडवाला तू पायजेस."

नेमका त्याच्या पुढच्या आठवड्यात बंगल्यावर मॅडमच्या मुलीचा साखरपुडा होता. शनिवारी रुपालीनं विषय काढला.

"जा की," मॅडम लगेच म्हणाल्या. "बहिणीचं लग्न आहे. सकाळी पाणी घालून निघ आणि साडेचारला ये. तिन्ही दिवस तसं कर. गाड्या आहेत ना?"

"मॅडम, हळद दुपारची असते."

"मग काय करायचं, तूच सांग." मॅडमनी खरंच विचारल्यासारखं विचारलं. "साखरपुडा या टोपल्यांखालीच करायचा म्हणून हॉल रद्द केला मी. तुझ्या भरवशावर."

मॅडमनी नाही म्हटलं असतं तर भांडता आलं असतं. ती मान हलवून स्वयंपाकघरात गेली.

भगीरथला तिनं विचारलं, "तीन दिवस झारीनं घालशील? मी दाखवते."

"माझ्याच्यानं नाय होणार. मेल्या तर दोघांनाबी बाहेर काढतील." तो नजर चुकवत म्हणाला. "एक दिवस जाऊन ये. लोकं समजून घेतात."

त्या दुपारी पाणी घालताना स्टुलावर उभ्या उभ्या तिनं फाटकाकडे पाहिलं. फाटकाला कुलूप नव्हतं. कधीच नसायचं. वर कॅमेरा होता, दुसरा व्हरांड्यात, पण ते चोरांसाठी होते, तिला कोणी अडवलं नव्हतं. तरी तिला वाटलं, आपण इथून हललो तर काहीतरी तुटेल.

पाहुण्यांनी टाकलेल्या थंड पेयांच्या दोन-दोन लिटरच्या बाटल्या मागच्या पोत्यात होत्या. सोमवारी, मॅडम गेल्यावर, तिनं त्यातल्या दोन काढल्या. जुन्या सुती लुगड्याच्या पट्ट्या फाडून त्यांचा पीळ घातला. पिळाचं एक टोक बाटलीत तळापर्यंत सोडलं, दुसरं टोक टोपलीतल्या मातीत खोचलं आणि बाटली साखळीला वर बांधली. पाणी कापडातून हळूहळू ओघळायला लागलं. या दोन टोपल्यांना तिनं दोन दिवस हात लावला नाही. तिसऱ्या सकाळी मातीत बोट घातलं. माती ओली होती.

मग तिनं पोत्यातल्या सगळ्या बाटल्या काढल्या. कमी पडल्या तेव्हा रस्त्यावरच्या ढाब्यामागून आणल्या. भगीरथनं पट्ट्या फाडायला मदत केली, पण मधेच थांबून विचारलं, "मॅडमला सांगितलंस?"

"नाय."

"दिसेल त्यांना."

"दिसू दे."

मांडवाच्या दिवशी ती पिशवी घेऊन निघाली. कॅमेऱ्याखाली क्षणभर थांबली, पदर नीट केला आणि फाटक उघडून गेली.

पाड्यावर मांडवाच्या मेढी रोवून झाल्या होत्या. पोरांच्या घोळक्यात राही होती, उंच झालेली, समोरचे दोन दात पडलेले. रुपालीनं हात पुढे केले. राही आली, पण हिरीच्या मागून.

"कोण आलंय बघ," हिरी म्हणाली.

"रुपाली," राही म्हणाली. घरात सगळे तेच म्हणायचे, म्हणून तीही म्हणाली. बायका हसल्या. रुपालीही हसली.

अडीच वाजता फोन आला. "रुपाली, कॅमेऱ्यात बाटल्या दिसतायत. काय आहे ते?"

रुपालीनं सगळं सांगितलं. "हुशार आहेस," मॅडम म्हणाल्या. "पण एकही जाता कामा नये गं."

त्यानंतर त्या रागावल्या नाहीत, पण दर दोन तासांनी कॅमेऱ्यातला फोटो पाठवत राहिल्या. कोपऱ्यातली मान टाकतेय का? ही बाटली रिकामी दिसते का? प्रेमाला हळद लागत होती तेव्हा रुपाली मांडवाच्या कडेला, पिवळ्या हातांनी फोन धरून, पडद्यावर बोटानं टोपली मोठी करून बघत होती. भगीरथला फोन करून ती कुठल्या बाटलीत पाणी भरायचं ते सांगत होती. लग्न तिच्यासमोर झालं, पण नंतर आठवू गेली तेव्हा तिला त्यातलं थोडंच आठवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी राही तिच्याजवळ येऊन बसली. फोनमधले फोटो बघून म्हणाली, "तू जा ना. तुझी फुलं वाळतील."

त्यात रुसवा नव्हता. तीन वर्षं जे ऐकलं तेच ती सांगत होती. संध्याकाळी निघताना तिनं राहीचे कपडे पिशवीत भरले आणि हिरीला म्हणाली, "सुट्टीभर नेते."

बंगल्यावर पाच टोपल्या मेल्या होत्या. सदतीस जगल्या होत्या. पाच हुकांवर तिनं शेजारच्या भरगच्च टोपल्यांच्या फांद्या तोडून नवीन लावल्या. पण आठवड्यात त्या काय भरणार! साखरपुड्याला मॅडमनी तिथे झिरमिळ्या लावल्या, आणि कोणाला कळलंही नाही.

पाहुणे माना वर करून बघत होते. मॅडमनी रुपालीला पुढे बोलावून सगळ्यांना सांगितलं, ही आमची रुपाली, हे सगळं हिचं. मग त्यांचं लक्ष राहीकडे गेलं. त्यांनी तिला मुलीच्या लहानपणचा एक फ्रॉक दिला, हातात छोटी प्लास्टिकची झारी दिली आणि टोपल्यांखाली उभं करून फोटो काढला. "आमची छोटी रुपाली," त्या म्हणाल्या. "हिचाही हात आईसारखाच असणार. तू इथेच राहशील ना गं? नाहीतर फुलं वाळतील."

राहीनं जोरात मान डोलावली. सगळे कौतुकानं हसले.

दुसऱ्या सकाळी रुपाली उठली तेव्हा राही अंथरुणात नव्हती. व्हरांड्यात ती स्टुलावर चवड्यांवर उभी होती, दोन्ही हातांनी झारी डोक्यावर धरून. बाह्यांतून पाणी ओघळून फ्रॉक चिंब झाला होता.

"अकरा झाल्या," ती म्हणाली. "मी आता शाळेत नाय जाणार. मॅडम बोलली, मी गेले का वाळतील."

रुपालीनं तिला खाली उतरवलं. तिचे ओले हात पदरानं पुसले. पुसता पुसता तिचेच हात थांबले.

मॅडम चहा घेत होत्या. रुपाली त्यांच्यासमोर उभी राहिली. "मॅडम, जूनमध्ये राहीची शाळा उघडते. मी तिच्यासोबत जाते. शेणव्याला ऱ्हाणार."

"किती दिवस?"

"ऱ्हाणारच."

मॅडमनी कप खाली ठेवला. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. "मी तुला काही कमी केलं का?"

"नाय, मॅडम."

"मग या टोपल्या? तुझ्याशिवाय जगणार नाहीत गं या."

"पाच मेल्या," रुपाली म्हणाली. "बाकीच्या जगल्या. मी नव्हते तरी जगल्या."

मॅडम मग उठून आत गेल्या. त्या दिवशीच त्या ठाण्याला गेल्या. जाताना गाडीची काच खाली करायची, हात हलवायची त्यांची सवय होती. त्या दिवशी काच वरच राहिली, आणि रुपालीला ते लागलं.

भगीरथ दोन दिवस जेवताना भिंतीकडे तोंड करून बसला. "दोघांची जागा हाय ही," तो शेवटी म्हणाला. "एकट्याला ठेवतील का नाय, काय माहीत."

"मग तूबी चल."

"चार महिने शेतात. पुढं काय?"

ठाण्याहून निरोप आला, की पावसाळाभर भगीरथनं राहावं, पुढचं पुढे बघू. मग रुपालीनं त्याला शिकवायला घेतलं. नळी नाही, झारीच. मातीत बोट घालून बघायचं, पान बघून नाही. खालून थेंब आला की थांबायचं. त्याचा हात जड होता आणि त्याला घाई असायची, पण मे संपेपर्यंत त्याच्या हातून फक्त दोन टोपल्या गेल्या.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ती निघाली. भगीरथ पिशव्या घेऊन रस्त्यापर्यंत आला. बस दिसल्यावर तो म्हणाला, "सोमवारी येईन. सोडलं तर."

"ये," ती म्हणाली.

त्यानं पिशव्या आत दिल्या, राहीच्या डोक्यावर हात ठेवला आणि घाईनं मागे वळला. साडेचार वाजायला आले होते. रुपालीनं काचेतून त्याला लगबगीनं आतल्या रस्त्याला लागताना पाहिलं, दिसेनासा होईपर्यंत पाहिलं.

राहीला खिडकी हवी होती. ती मिळाली आणि किन्हवली यायच्या आत ती झोपली, डोकं रुपालीच्या दंडावर टेकून. थोड्या वेळानं दंडाला मुंग्या आल्या. रुपालीनं हात हलवला नाही.