बिनकोपऱ्याचा टेबल

"बाबा, घरात एवढा मोठा टेबल हाय, तरी आपण खाली बसतो, अन् आई तं मागून एकटीच जेवते, काऊन?"

हे विचारायची स्वरदाची हिंमतच होणार नाही, अशी तिच्या मैत्रिणींनी, प्राची आणि अश्विनीने, शाळेत पैज लावली होती. पोरीने आज दुपारी, जेवायच्या वेळी, सरळ विचारून टाकलं. मित्रांनो, तो टेबल म्हणजे मीच.

मी एक जुना इटालियन टेबल आहे. अक्रोडाच्या लाकडाचा, गोल, खाली एकच जाड पाय. हा आकार नुसता शोभेसाठी नाही. माझ्या कारागिरांनी मला मुद्दाम बिनकोपऱ्याचा केला, म्हणजे मानाची जागा अशी कोणाची उरू नये. एका इटालियन इंजिनिअरच्या सामानातून मी मुंबईला आलो. तो मायदेशी परतला तेव्हा स्वरदाच्या आत्याने, संजीवनीने, मला विकत घेतलं. ती लोकांची घरं सजवून द्यायची. तिने मोठ्या हौसेने मला ट्रकमध्ये घालून अमडापूरला, माहेरी आणलं.

तिचे वडील हिंमतराव माझ्याभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "याले टोकच नाही. मी बसू कुठं?"

बसले कसेबसे. मग संजीवनीने एक खुर्ची ओढली आणि वाढत असलेल्या वहिनीला, म्हणजे स्वरदाच्या आईला, शैलजाला, हात धरून बसवलं. सून बरोबरीने बसलेली पाहून हिंमतरावांनी ताटातच हात धुतला आणि ते उठले. संजीवनीचा भाऊ सुधाकर, म्हणजे स्वरदाचा बाप, खाली मान घालून जेवत राहिला. शैलजावहिनी उठून आत गेल्या. संजीवनी मुंबईला परतली ती पुन्हा राहायला आलीच नाही. तिकडेच वारली. हिंमतरावही गेले. पद्धत मात्र राहिली.

माझ्यावर पुन्हा ताट मांडलं गेलं नाही. कुरड्या पसरल्या, इस्त्री फिरली. एका दिवाळीत पेंटरने दारांचा उरलेला चॉकलेटी ऑइलपेंट मलाच फासला. "आता कसा घरातला वाटते," सगळे म्हणाले. माझ्या लाकडाच्या रेषा त्याखाली झाकल्या गेल्या.

आता जुन्या वस्तूंच्या पुण्यातल्या एका शौकिनाने मला विकत घेतलंय. त्याने नखाने रंग खरवडला आणि खूश झाला. "याच्यावर जेवायचं नाही, नुसतं पाहायचं," म्हणाला. उद्या गाडी येईल. मित्रांनो, लाकूड पुसा, ओलीपासून जपा, ते हवंच. पण भोवती माणसं बसली नाहीत, तर टेबल आतून वाळत जातो.

आज स्वरदाच्या प्रश्नावर सुधाकर म्हणाला, "आपल्या घरची पद्धत हाय तशी."

"मले खालीच बरं वाटते, पोरी," शैलजा म्हणाली. "गरम पोळी वाढाची तं उठावंच लागते."

"मग डब्यात भरून ठेव ना. थंडी पोळी खाऊन बाबा काही वाळत नाहीत."

स्वरदाने माझ्यावरचे इस्त्रीचे कपडे उचलले. तीन ताटं मांडली, पण स्वतः बसली नाही.

"टेबल उद्या जाऊ द्या, बाबा. पण आजपासून आई ताटावर बसल्याशिवाय मी घास घेणार नाही. आज वर बसू, उद्यापासून खाली. पण तिघं एकदमच."