न उघडलेली जोडी

वर्लन टेटने डबीवरची कागदी पट्टी ब्लेडने कापली. ही पट्टी आयुष्यात कापायची नाही असं त्याने ठरवलं होतं. गिटारच्या अँप्लिफायरमधले जुने व्हॉल्व्ह, म्हणजे आवाज घडवणाऱ्या काचेच्या नळ्या, जमवणाऱ्यांच्या जगात डबी उघडली की तिची इज्जत गेली. ते बनवणारा कारखाना बंद पडून जमाना झाला, तरी त्याच्या ह्या जोडीवरचं सील शाबूत होतं. मेम्फिसमधले निम्मे गिटारवाले डबीचं दर्शन घेऊन गेले होते. वर्लन ती कानाशी हलवून दाखवायचा आणि पुन्हा कपाटात कुलूपबंद करायचा. कुणाच्या हातात म्हणून द्यायचा नाही.

मागायचा तो एकटा थर्मन. थर्मन बेल हा त्याचा बालमित्र, चर्चमध्ये गिटार वाजवायचा. "एका रविवारपुरते दे की रे," म्हणून मागून मागून त्याची जीभ झिजली. "तुझ्या त्या मोडक्या अँपच्या खोक्यात घालायला नाहीत हे," हे वर्लनचं ठरलेलं उत्तर. मग थर्मनने मागणंच सोडलं.

आणि आता थर्मनच गेला होता. उद्या चर्चमध्ये त्याला निरोप द्यायचा होता. त्याची मुलगी वांडा त्याची गिटार त्याच्याच अँपवर वाजवणार होती. अँप तिने नुकताच वर्लनच्या गॅरेजमध्ये आणून ठेवला होता आणि गिटार घेऊन ती तिथेच थांबली होती. जिवंतपणी दिले नाहीत, निदान उद्या तरी ते व्हॉल्व्ह त्यात बसावेत, एवढंच वर्लनच्या मनात होतं. मेलेल्या माणसाचं मागणं डोक्यावर ठेवून जगायचं कसं?

त्याने झाकण उघडलं. आत दोन व्हॉल्व्ह होते, पण त्याचे नव्हते. साधे, बाजारू, कुठल्याही दुकानात मिळणारे.

"चोरी!" वर्लन ओरडला. "अर्नेस्टीन! अगं, चोरी झालीय!"

त्याची बायको स्वयंपाकघरातून तशीच पिठाच्या हातांनी धावत आली. थर्मनच्या घरी न्यायला ती कोंबडी तळत होती. तिने डबी पाहिली आणि स्टुलावर बसलीच.

"ओरडू नकोस. मी दिले."

"काय दिलेस?"

"तुझे व्हॉल्व्ह. थर्मनला. तू भावाच्या मयताला डेट्रॉइटला गेला होतास ना, तेव्हा. त्याची बायको नुकतीच गेली होती, गिटार हातात धरवत नव्हती बिचाऱ्याला. दारात उभा राहून म्हणाला, वहिनी, एका रविवारपुरते. मी किटलीच्या वाफेवर पट्टी सोडवली, पुन्हा चिकटवली. डबी रिकामी लागू नये म्हणून त्याने स्वतःचे आत घातले."

"आणि मग?"

"सोमवारी परत द्यायला आला होता. मीच म्हटलं, राहू देत. रविवारी त्याने काय वाजवलं ते ऐकलं होतं मी."

"त्याला नऊ वर्षं झाली, बाई!"

बोलताबोलताच वर्लनच्या ध्यानात आलं. नऊ वर्षं तो दर रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसत आला होता. वर्लनच्या कानाची गावभर ख्याती होती. तो डोळे मिटून ऐकायचा आणि अँपच्या आत कुठल्या कारखान्याची काच आहे ते सांगायचा. प्रार्थना संपली की हाच कान घेऊन तो थर्मनला गाठायचा. "वाजवलंस झकास, पण अँप भिकार. माझे व्हॉल्व्ह असते तर लोक रडले असते." भोवती लोक डोळे पुसत असायचे. थर्मन त्यांच्याकडे बघायचा आणि म्हणायचा, "असेल बाबा. कान तुझा."

एकदाही हसला नाही लेकाचा. आणि नऊ वर्षांत अँप वर्लनकडे दुरुस्तीला आणला नाही. तो दुसऱ्या कुणाकडे जातो म्हणून वर्लन मनातल्या मनात किती कुढला होता!

त्याने अँपची मागची फळी काढली. दोन्ही व्हॉल्व्ह शेजारी शेजारी उभे होते, वापरून बुडाशी काळवंडलेले. कारखान्याचं नाव अजून वाचता येत होतं.

"वर्लनकाका, देवाशप्पथ, मला ठाऊक नव्हतं," वांडा रडवेली झाली. "बाबा अँपच्या मागच्या बाजूला हातच लावू द्यायचे नाहीत. तुमचे आहेत, तुम्ही घ्या काढून."

"चालू कर," वर्लन म्हणाला.

काचेत नारिंगी उजेड धरला. वांडाने बापाचं आवडतं संथ भजन सुरू केलं. अर्नेस्टीनने ॲप्रनमध्ये तोंड लपवलं. सवयीप्रमाणे वर्लनने डोळे मिटले आणि सगळा जीव कानांत आणून तो ऐकू लागला. जुनी काच शोधली, तिचा तो गोडवा शोधला. त्याला थर्मन ऐकू येत होता. थर्मनच्या पोरीची बोटं ऐकू येत होती. त्यापलीकडे काही म्हणजे काही कळत नव्हतं. फळी काढून पाहिली नसती तर आजही तो भिकारच म्हणाला असता.

भजन संपलं.

"कसा वाटतोय?" वांडाने विचारलं.

हा प्रश्न त्याला जन्मभर लोक विचारत आले होते आणि उत्तरासाठी त्याने कुणाला कधी ताटकळत ठेवलं नव्हतं. वांडा थांबली. अर्नेस्टीननेही मान वर केली.

"मला नको विचारूस, पोरी," वर्लन म्हणाला. त्याने फळी उचलून जागेवर बसवली आणि एकेक स्क्रू आवळायला घेतला.