बाईंना काही कळत नाही

बाईंनी छत्रीचं चित्र मुलीच्या नाकासमोर धरलं आणि इंग्रजीत विचारलं, हे काय आहे. मुलीने चित्राकडे पाहिलं, मग बाईंकडे पाहिलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले. बाईंनी छत्री ठेवून किटली उचलली, किटली ठेवून घोडा उचलला. घोड्यानेही काही फरक पडला नाही. मधली सुट्टी चालली होती, बाहेर पोरं घसा फोडून ओरडत होती आणि बाईंचा डबा अजून उघडायचाच होता.

शाळा दोन भाषांची. अर्धा दिवस घरची भाषा, अर्धा दिवस इंग्रजी. मुख्याध्यापिकांनी कुठल्याशा प्रशिक्षणातून डोक्यात भरून आणलेला नियम असा, की इंग्रजीच्या बाईंनी आपल्याला मुलांची भाषा येतच नाही असं दाखवायचं. म्हणजे मुलं झक मारत इंग्रजी बोलतील. मुलं बोलली नाहीत ती नाहीतच. उलट बाईंच्या देखत बाईंच्या नाकाची आणि चपलांची यथेच्छ चर्चा करू लागली, आणि बाईंनी आपलं हसत राहायचं. एकदा बाजारात त्या वांग्यांसाठी तावातावाने घासाघीस करत होत्या, तेवढ्यात वर्गातलं एक पोर समोर येऊन उभं राहिलं. उरलेला सौदा बाईंनी बोटांनी आटोपला. भाजीवाल्याला वाटलं, यांची वाचाच बसली.

दिवसभराचं तुंबलेलं सगळं घरी नवऱ्याच्या कानात रिकामं होई.

"अहो, जीभ गंजेल माझी एक दिवस," त्या म्हणत.

"मला तरी तशी काही लक्षणं दिसत नाहीत," नवरा म्हणे.

त्यात ही मुलगी. बाई तिला मनातल्या मनात मौनीबाबा म्हणत. वर्ष सरत आलं तरी तिच्या तोंडून इंग्रजीचा एक शब्द फुटला नव्हता, आणि आज तिच्या आईवडिलांना बोलावलं होतं.

"त्यांच्यासमोर एक वाक्य बोलू दे तिला," मुख्याध्यापिकांनी कालच बजावलं होतं. "नाहीतर तिला एकाच भाषेच्या साध्या तुकडीत घालावं लागेल. आणि खापर तुमच्या डोक्यावर फुटेल, बाई. मी मध्ये पडणार नाही."

बाईंनी घोडा टेबलावर आपटला. धक्क्याने सगळी चित्रं खाली सांडली. मुलगी वाकून ती गोळा करू लागली आणि गोळा करता करता बोलू लागली. घरच्या भाषेत, भिंतीशी बोलावं तशी.

"छत्री. किटली. घोडा. मला सगळं येतं. तुम्हाला काही कळत नाही म्हणून सांगते."

बाईंनी चेहरा कोरा ठेवला. या नोकरीत तेवढी एक कला त्यांना पक्की साधली होती.

"आईबाबा भांडतात ना, ते इंग्रजीत भांडतात. माझ्यासमोरच. मी जेवत असते. त्यांना वाटतं, मला कळत नाही. बाबा दुसरीकडे राहायला जाणार आहेत. आई म्हणते, हिच्या शाळेला सुट्टी लागू दे, मग जा." तिने चित्रांचा गठ्ठा टेबलावर ठोकून सारखा केला. "मी इथे बोलले तर ते दार लावून भांडतील. मग बाबा कधी जाणार ते मला कसं कळणार? सकाळी उठले आणि ते नसलेच तर?"

बाईंना संताप आला. नियमाचा आला, मुख्याध्यापिकांचा आला, आणि जेवणाऱ्या पोरीच्या डोक्यावरून भांडणाऱ्या त्या दोन शहाण्या माणसांचा सगळ्यात जास्त आला. तिला जवळ ओढून काहीतरी बोलावं असं फार वाटलं. तोंडातून निघालं ते मात्र सवयीचं इंग्रजीच. छान, त्या म्हणाल्या, चल आता आत जाऊ.

मुख्याध्यापिकांच्या खोलीत आई आणि वडील दोन खुर्च्यांवर बसले होते. दोघांमधली खुर्ची रिकामी होती. मुलगी तिच्यावर बसली. मुख्याध्यापिकांनी गोड आवाजात तिला इंग्रजीत नाव विचारलं, आवडता रंग विचारला, शेवटी नुसतं कशी आहेस म्हणून विचारलं. मुलगी पायातल्या बुटांकडे बघत राहिली.

"बोलत नाही ते ठीक आहे, मॅडम," वडील इंग्रजीत बाईंना म्हणाले. "पण तिला समजतं तरी ना?"

आईने झटकन मान वर केली. खोलीतले सगळे बाईंच्या तोंडाकडे बघू लागले. मुलगीही बघू लागली. समजतं, सगळं समजतं, एवढं म्हटलं असतं की वर्षभराची मेहनत पदरात पडली असती.

"नाही," बाई इंग्रजीत म्हणाल्या. "एक शब्दही समजत नाही."

मुलीचे डोळे मोठे झाले. मग तिने ते हळूच बुटांकडे वळवले.

"मग वर्षभर केलंत काय तुम्ही?" मुख्याध्यापिका कडाडल्या.

"चित्रं दाखवली."

वडिलांनी सुस्कारा सोडला. तो निराशेचा नव्हता, हे बाईंना दिसलं, आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुढचं सगळं पटापट उरकलं. साध्या तुकडीचं ठरलं, सह्या झाल्या, खुर्च्या सरकल्या. बाई दारापर्यंत पोचवायला गेल्या.

व्हरांड्यात नळापाशी मुलांची रांग लागली होती. आईवडील मुलीला मध्ये घेऊन चालू लागले. चार पावलं गेली नाहीत तोच वडील तिच्या डोक्यावरून आईला इंग्रजीत म्हणाले, सुट्टीपर्यंत थांबण्यात आता काय अर्थ आहे, मी रविवारीच निघतो.

मुलीची चाल मोडली नाही. फक्त दप्तराचा पट्टा तिने दोन्ही हातांनी धरला.

"ए बाळा, थांब गं," बाई घरच्या भाषेत मोठ्याने म्हणाल्या. "इकडे ये माझ्याजवळ."

नळापाशी सगळी रांग गप्प झाली. कुणाची तरी बाटली भरून वाहू लागली. मागे मुख्याध्यापिका खुर्चीतून उठल्या, आणि आईवडील वळून बाईंकडे बघतच राहिले.

मुलीला तेवढं नवल वाटलं नाही. ती परत आली आणि बाईंच्या कुशीत तोंड घालून रडू लागली. तिला झालं तरी काय, हे आई पुन्हा पुन्हा विचारत होती.